खेड्यातल्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याला देणगी द्यायची तर

मार्च लागला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची मावसबहीण, ठाण्याची जुनी सहकारी, न्यू जर्सीतला भाचा. सगळ्यांचं एकच, "सेवाग्रामच्या दवाखान्याला काहीतरी द्यायचंय, कसं देऊ?" वर्ध्यात एका बँकेच्या हिशेब खात्यात माझी उभी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. दवाखान्याची मी नोकर नाही आणि विश्वस्तही नाही. पण इथंच राहते, पावत्या वाचता येतात, आणि लोकांनी दिलेल्या गोष्टींचं पुढं काय होतं ते जवळून बघत आलेय. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते. उदाहरण सेवाग्रामचं आहे, पण अंबाजोगाई असो की लोणी, खेड्यातल्या कुठल्याही शिकवणाऱ्या दवाखान्याला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी दवाखान्याचा खर्च कसा चालतो ते बघा

सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना गांधीजींच्या हयातीतच, चाळीसच्या दशकात सुरू झाला. बायका आणि मुलांसाठी, पंधरा खाटांचा. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, म्हणजे १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. खेड्यात काम करतील असे डॉक्टर खेड्यातच घडवायचे, हा त्यांचा हट्ट. त्या केंद्रात आरोग्यमंत्री राहिलेल्या, पण इकडे सगळे त्यांना बडी बहनजीच म्हणत. विद्यार्थी आजही खादी घालतात. नवी बॅच आली की आधी पंधरा दिवस गांधी आश्रमात राहते, मग एक गाव दत्तक घेते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला त्या गावातली काही घरं येतात आणि त्या घरांशी त्याचा संबंध पुढं टिकतो.

देणगीदाराला यापेक्षा महत्त्वाचं आहे ते पैशाचं गणित. ढोबळमानानं खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, २५ टक्के राज्याचा, आणि उरलेले २५ टक्के हा सगळा कारभार चालवणाऱ्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीनं स्वतः उभे करायचे. सरकारी अनुदान कुठल्या लेखाशीर्षाखाली खर्चायचं ते आधीच ठरलेलं असतं. पगाराचा पैसा सलाईनला वापरता येत नाही, इमारतीचा पैसा लिफ्टच्या दुरुस्तीला चालत नाही. मोकळा पैसा फक्त त्या शेवटच्या पंचवीस टक्क्यांत असतो आणि देणगी तिथंच पडते. म्हणून मी सगळ्यांना पहिलं सांगते ते हे, की दिलेल्या पैशाला अटी लावू नका. "फक्त बालरोग विभागासाठी, फक्त व्हीलचेअरसाठी, आईच्या नावाची पाटी लागली पाहिजे" असं लिहून दिलं की तुमचा मोकळा रुपयाही सरकारी रुपयासारखाच बांधला जातो.

शिकवणाऱ्या दवाखान्याचा खर्च साध्या दवाखान्यापेक्षा वेगळा असतो हेही लक्षात घ्या. रात्री दोन वाजता प्रयोगशाळा चालू, रेसिडेंट डॉक्टर जागे, रक्तपेढी उघडी. एका रुग्णाभोवती चार शिकणारे उभे, म्हणून हातमोजे चार जोड्या. सिरिंज, टाक्यांचा धागा, कापूस, ऑक्सिजन, मशीनचे सुटे भाग. या वस्तूंवर कुणाच्या आईच्या नावाची पाटी लावता येत नाही. म्हणूनच त्यांना कुणी देणगी देत नाही आणि नेमक्या त्याच रोज संपतात.

एक जुनी गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. सेवाग्रामनं आसपासच्या गावांत ज्वारीवरचा आरोग्य विमा चालवला. सुगीत घरटी ज्वारी जमा करायची, त्याच्या बदल्यात गावात आरोग्य सेवक आणि दवाखान्यात सवलतीत उपचार. म्हणजे ज्यांना आपण "लाभार्थी" म्हणतो ते लोक स्वतःच्या कणगीतून देत होते. पंचवीस हजारांचा चेक हातात धरून फोटो काढायची हौस कुणाला आली, की मी ही गोष्ट मुद्दाम काढते.

एकदा येऊन बसा

जमेल तर देणगी देण्याआधी एकदा या. सेवाग्राम स्टेशन आणि वर्धा स्टेशन वेगवेगळी आहेत, कुठंही उतरलात तरी ऑटो मिळतो. येताना पुष्पगुच्छ आणू नका. सत्कार झालाच तर तो सुताच्या हारानं होईल. सकाळी ओपीडीत बसा आणि दुपारी वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात. दुसरं जास्त महत्त्वाचं.

व्हरांड्यात तुम्हाला नातेवाईक दिसतील. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडून आलेले, काही तेलंगणाच्या सीमेवरूनही. एका बाईशेजारी मी बसले होते. प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर, एक्स-रेचं पाकीट आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. नवऱ्याचं ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं होतं, त्याचा पैसा लागला नव्हता. मी विचारलं, "मग आता कशाची चिंता?" तर म्हणाली, "ताई, त्यायचं तं झालं. मी का खाऊ? अन् घरी सोयाबीन सोंगाचं हाय, थे कोन सोंगीन?"

योजनेचं गणित नेमकं असंच आहे. योजनेच्या पॅकेजात रुग्णाचं जेवण धरलेलं असतं, घरी जायचं एकवेळचं भाडंही असतं. सोबतच्या माणसाचं जेवण, त्याची बुडालेली मजुरी आणि आजार योजनेच्या यादीत बसत नसेल तर लागणारा सगळाच खर्च बाहेर राहतो. ही फट बुजवायला दवाखान्यात गरीब रुग्णांसाठी निधी असतो आणि तो कुणाला द्यायचा हे मेडिकल सोशल वर्कर ठरवतो. महाराष्ट्रातल्या धर्मादाय दवाखान्यांना तर कायद्यानंच निर्धन रुग्णांसाठी वेगळा निधी ठेवावा लागतो. म्हणून तुमची भेट अधीक्षकांपेक्षा आधी या सोशल वर्करशी झाली पाहिजे. त्यांना तीनच गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात कुणाला नाही म्हणावं लागलं? किती रुपयांसाठी? आणि हे पैसे आधी मिळाले असते तर कुणाच्या सहीनं, किती वेळात पोचले असते? उत्तरं ऐकली की तुमची पाच हजारांची देणगी किती मोठी आहे ते आपोआप कळेल.

वस्तू देऊ नका, निदान विचारल्याशिवाय

इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथंच.

जुनी औषधं नकोत. घरातली उरलेली तर नकोतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या देणगीच्या नियमांत औषध पोचताना त्याची मुदत निदान वर्षभर शिल्लक असावी असं म्हटलंय. अर्धी पट्टी रुग्णाला देणारा दवाखाना चांगला नव्हे, आणि ती फेकायला जैववैद्यकीय कचऱ्याचे पैसे दवाखान्यालाच भरावे लागतात.

उपकरणांचं त्याहून अवघड. जागतिक आरोग्य संघटनेनंच नोंदवलंय की काही देशांत देणगीत आलेल्या उपकरणांपैकी फक्त १० ते ३० टक्केच प्रत्यक्षात चालू होतात. बाकीची का पडून राहतात हे समजून घ्यायला अभियंता असायची गरज नाही. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. सुटा भाग मागवायचा तर कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं. शिवाय अतिदक्षता विभागातली वापरलेली उपकरणं परदेशातून आणायला आपल्याकडे २०१६ च्या घातक कचरा नियमांनी मनाई आहे. तेव्हा भाच्यांनो, तुमच्या तिकडच्या हॉस्पिटलात निघालेला जुना व्हेंटिलेटर कंटेनरमधून पाठवायचा विचार सोडा.

नवं कोरं यंत्रही अडकतं. एका गावच्या दवाखान्यात, नाव घेत नाही, हौसेनं दिलेलं डायलिसिसचं मशीन मी निळ्या ताडपत्रीखाली बघितलंय. वर हार वाळलेला. मशीन ठीकच होतं. पण डायलिसिसच्या चार तासांत मिनिटाला अर्धा लिटर द्रव रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतो, म्हणजे एका रुग्णाला एका बैठकीत सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी लागतं. त्यासाठी वेगळा आरओ प्लांट, त्याचे मेम्ब्रेन, पाण्याची तपासणी, शिकलेला टेक्निशियन, आणि दर वेळी लागणारे डायलायझर आणि नळ्या. मशीन देणाऱ्यानं यातलं काहीच दिलं नव्हतं. उन्हाळ्यात ज्या गावात टँकर येतो तिथं तर या पाण्याचा हिशेब आधी व्हायला हवा होता.

यंत्रच द्यायचा हट्ट असेल तर दवाखान्याच्या खरेदी समितीकडून त्यांना कुठलं मॉडेल हवंय ते लेखी घ्या, कारण एकाच कंपनीची यंत्रं असली की सुटे भाग आणि शिकवणं सोपं जातं. किमतीच्या बरोबर पाच वर्षांचा देखभाल करार, म्हणजे सीएमसी, तुमच्या देणगीत धरा. तेवढे पैसे नसतील तर लहान यंत्र द्या. आणि विद्यार्थी त्यावर शिकणार असतील तर ते जास्त वापरलं जाणार, लवकर झिजणार, हेही मनात असू द्या. झिजलं म्हणजे वापरलं गेलं. ताडपत्रीखालच्या यंत्रापेक्षा ते कधीही बरं.

रक्त: एका दिवशी सगळ्यांनी नको

पैसे नसलेल्यांसाठी ही सगळ्यात मोठी देणगी आहे, आणि तिच्यातही तारीख चुकते. जयंतीला, १५ ऑगस्टला, नेत्याच्या वाढदिवसाला शिबिरं. एकाच दिवशी ढीगभर पिशव्या येतात. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, पण प्लेटलेट पाचच दिवस. मग एप्रिल-मे उजाडतो. कॉलेजची मुलं सुट्टीला गेलेली, बाहेर वर्ध्याचं ऊन, आणि रक्तपेढीत टंचाई.

विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार, बराच आहे. या मुलांना वरचेवर रक्त लागतं, आणि त्यांच्याकडून बदली रक्तदाता मागायचा नाही असं धोरण आहे. ते बरोबरच आहे, पण मग ती पिशवी कुणी तरी भरायला हवी. बाळंतपणात एकदम रक्तस्राव झालेली बाई आली तर तिच्यासाठी थांबायला वेळच नसतो.

तर करायचं असं. तुमच्या मंडळात चाळीस जण रक्त द्यायला तयार असतील तर शिबिराचा मांडव घालू नका. रक्तपेढीला फोन करून विचारा की तुमच्याकडे कमी कधी पडतं, आणि चाळीस जणांना दहा-दहाच्या गटांत वाटून घ्या. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा. आमच्या भिशीतल्या बायकांनी हे सुरू केलं तेव्हा निम्म्या जणी हिमोग्लोबिनवरच परत आल्या. त्यांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या, हा फायदा वेगळाच.

पैसे देताना कागद

ऑनलाइन किंवा चेकनं द्या. रोख दिली तर दोन हजारांच्या वर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. वस्तू दिल्या तर मुळीच नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर रोख, चेक, काहीही असो, सवलत नाहीच. दरवर्षी कुणीतरी मला हे भांडून विचारतं, म्हणून ठळक लिहितेय. जुन्या प्रणालीत बहुतेक संस्थांच्या देणगीला निम्मी वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या एका मर्यादेपर्यंत.

खातं संस्थेच्याच नावाचं आहे ना ते बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा क्यूआर कोड कितीही ओळखीच्या माणसानं पाठवला तरी दवाखान्याच्या लेखा विभागाला फोन करून पडताळा. पैसे भरल्यावर पॅन, पूर्ण नाव, पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक कळवा. नुसते पैसे पाठवून गप्प बसलात तर ते "अज्ञात देणगीदार" म्हणून पडतात आणि लेखापाल बिचारा वर्षअखेर डोकं धरून बसतो.

सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे देणगी कशासाठी. "कॉर्पस" असं लिहून दिलंत तर मुद्दल गुंतवून ठेवावं लागतं, फक्त व्याज वापरता येतं. लाख रुपयांवर सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार. कायमची आठवण ठेवायची असेल तर हे ठीक. पण या महिन्यात सिरिंज संपल्या असतील तर कॉर्पसचा लाख तिथं कामाला येत नाही. मी लोकांना असं पत्र लिहायला सांगते:

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, सप्रेम नमस्कार. आम्ही रु. २५,००० इतकी देणगी आज आपल्या खात्यात जमा केली आहे. ही रक्कम कॉर्पससाठी नाही. आपल्याला जिथं गरज वाटेल त्या चालू खर्चासाठी वापरावी. शक्य असल्यास पुढील तीन वर्षं एप्रिलमध्ये एवढीच रक्कम पाठवण्याचा आमचा विचार आहे. पाटी किंवा कार्यक्रमाची अपेक्षा नाही. पावती आणि देणगीचं प्रमाणपत्र सोबतच्या पत्त्यावर पाठवावं. आपले नम्र."

यातलं तीन वर्षांचं वाक्य सगळ्यात मौल्यवान आहे. एकदम लाख येऊन गेले तर त्यातून कुणाला कामावर ठेवता येत नाही. दरवर्षी पंचवीस हजार येणार हे माहीत असलं तर दवाखाना काहीतरी ठरवू शकतो. कंपनीत असाल तर कंपनीला सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या तिच्या निधीतून, द्यायला सांगा. दवाखान्याचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागेल, तो आधीच मागून ठेवा.

परदेशातले

भाच्याचा प्रश्न वेगळा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं दिलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत. पण माझा भाचा आता अमेरिकेचा नागरिक आहे. मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी त्याचे पैसे विदेशीच. ते फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच आणि तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच जायला हवेत. २०२० साली कायदा बदलल्यापासून दुसरीकडे ते घेता येत नाहीत. म्हणून पाठवण्याआधी संस्थेला एकच ईमेल करा, की तुमची एफसीआरए नोंदणी आज चालू आहे का आणि खात्याचा तपशील काय. भाच्यानं सोपा मार्ग काढला, "मावशी, तुझ्या खात्यात टाकतो, तू भर." मी नाही म्हटलं. पावती माझ्या पॅनवर येणार, देणगी माझ्या विवरणात दिसणार, आणि चौकशी झाली तर दवाखाना अडचणीत. त्यानं ईमेल केला, दोन आठवडे लागले, पण रीतसर झालं.

देहदान

शिकवणाऱ्या दवाखान्यालाच देता येईल अशी ही एक देणगी. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या टेबलाभोवती मुलं उभी राहतात ती कुणाच्या तरी भरवशावर. फॉर्म शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो, पैसे लागत नाहीत. पण फॉर्म भरणं म्हणजे फक्त इच्छा नोंदवणं. मेल्यावर कॉलेजला फोन करायचा आहे तो तुमच्या मुलानं, आणि त्यानं नको म्हटलं की विषय संपला. म्हणून फॉर्मवर सही करताना मुलगा, सून, मुलगी, सगळ्यांना समोर बसवा. दिवाळीत सगळे जमतात, तेव्हा काढा विषय. एकदा रडारड होईल, होऊ द्या.

वेळ आली तर आधी डोळे. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवा, तोवर पंखा बंद ठेवा, पापण्या मिटून वर ओला कापूस. डोळे दिल्यावरही देह घेतात. मग मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला, आधारच्या प्रती, आणि देह लवकरात लवकर पोचवणं. अपघात, आत्महत्या किंवा शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. काही संसर्गजन्य आजारांतही नाही. आणि फॉर्म सेवाग्रामचा भरला म्हणून पुण्यात वारलेल्या माणसाला इकडे आणायचा खटाटोप करू नका. जवळच्या मेडिकल कॉलेजला द्या, तिथली मुलंही तेच शिकतात.

राहता राहिलं देणगीचं प्रमाणपत्र. साधी पावती विवरणपत्राला पुरत नाही. संस्था आयकर खात्याकडे देणगीदारांची यादी भरते, त्यावरून प्रमाणपत्र निघतं आणि आजवर त्याची मुदत ३१ मे राहिली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं नाही तर लेखा विभागाला फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून. सोमवारी करू नका, त्या दिवशी ओपीडीची गर्दी असते आणि कुणी फोन उचलत नाही.